एका झिलईची कैफियत

कलावंताच्या पहिल्या कृतीकडे जग सामान्यतः कौतुकाने पाहते, तिचे दोष वयाच्या खाती मांडते आणि तिच्यातील ओबडधोबडपणालाही प्रामाणिकपणाचे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होते. दुसऱ्या कृतीच्या वाट्याला मात्र ही सवलत येत नाही. ती फसली तर पहिली हा निव्वळ योगायोग होता असे म्हणणारे टपलेलेच असतात, आणि ती साधली, त्यातही घोटीव, बांधीव व लाखो लोकांना एकदम आवडेल अशी साधली, तर या माणसाने काहीतरी विकले असा संशय प्रथम त्याच्या जुन्या चाहत्यांच्याच मनात येतो. 'निर्वाना' या अमेरिकन रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' नामक दुसऱ्या अल्बमवर असा संशय घेणाऱ्यांच्या अग्रभागी जो इसम उभा होता तो त्या बँडचा गायक, गिटारवादक आणि गीतकार कर्ट कोबेन हाच होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि कळल्यावर त्या अल्बमकडे पाहण्याची माझी दृष्टी काहीशी वकिली झाली, ती आजतागायत तशीच आहे. आपल्याच कृतीविरुद्ध फिर्याद करणाऱ्या कर्त्याचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न मला संगीताइतकाच रसाळ वाटतो.

पहिल्या अल्बमचा, म्हणजे सिॲटलच्या 'सब पॉप' या लहानशा कंपनीने जून 1989 मध्ये काढलेल्या 'ब्लीच'चा, जमाखर्च एका ओळीत मावण्यासारखा आहे. जॅक एंडिनो या ध्वनिमुद्रकाचे बिल 606 डॉलर 17 सेंट झाले, ती रक्कमही बँडच्या खिशात नसल्यामुळे जेसन एव्हरमन या मित्राने भरली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून, अल्बमवर त्याने एकही सूर वाजवलेला नसताना, वेष्टनावर गिटारवादक म्हणून त्याचे नाव छापण्यात आले. ग्रंथाच्या छपाईस द्रव्यसाहाय्य करणाऱ्या संस्थानिकाची तसबीर मुखपृष्ठामागे लावण्याची आपल्याकडील जुनी वहिवाट आठवली की या प्रकाराचे मला नवल वाटत नाही.

दुसऱ्या अल्बमच्या गाण्यांचे पहिले मुद्रणही 'सब पॉप'साठीच झाले होते. एप्रिल 1990 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे बुच विग या ध्वनिमुद्रकाच्या 'स्मार्ट स्टुडिओ'त ती गाणी टेपवर उतरली. पण त्यांचा अल्बम निघाला नाही, त्यांच्या नकला हातोहात फिरत मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत जाऊन पोचल्या, दरम्यान ड्रमवादक चॅड चॅनिंग बँडबाहेर पडला, 'स्क्रीम' नावाचा बँड मोडल्यामुळे मोकळा झालेला डेव्ह ग्रोल त्याच्या जागी आला, आणि अखेर गेफन कंपनीच्या 'डीजीसी' या शाखेशी करारनामा होऊन 'सब पॉप'चे येणेदेणे रोख रक्कम व पुढील विक्रीतला हिस्सा देऊन मिटवण्यात आले. हा तपशील रुक्ष आहे खरा, परंतु यातील तारखांची पुढे गरज पडणार आहे.

मे 1991 मध्ये कोबेन, बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक आणि ग्रोल हे तिघे लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागातील 'साउंड सिटी' या स्टुडिओत दाखल झाले. भरभराटीचे दिवस ओसरलेली ती एक मळकट वास्तू होती. मात्र ड्रमचा आघात अंगावर यावा अशी प्रशस्त खोली आणि नीव्हच्या कारखान्यात घडलेला एक जुना भक्कम ध्वनिमिश्रण-कन्सोल एवढी दौलत तिच्याजवळ शिल्लक होती, आणि 'फ्लीटवुड मॅक'चा त्याच नावाचा 1975 सालचा अल्बम तेथेच मुद्रित झाला होता. पासष्ट हजार डॉलरांच्या अंदाजपत्रकाने सुरू झालेले हे काम संपता संपता एक लाख वीस हजारांच्या पलीकडे गेले. 'ब्लीच'च्या बिलाशेजारी ही रक्कम ठेवली की फिर्यादी पक्षाचे अर्धे काम होऊन जाते, हे मला मान्य आहे.

पण त्या खोलीत प्रत्यक्ष काय घडले याचे वृत्तांत वाचताना खर्चापेक्षा माणसांच्या स्वभावाचीच मौज अधिक वाटते. एकदा गायलेली ओळ पुन्हा गाऊन दोन आवाज एकमेकांवर चढवणे ही कोबेनला लबाडी वाटे. विगने जॉन लेननही तसेच करीत असे असे सांगितले, आणि लेननच्या नावापुढे कोबेनची हरकत टिकली नाही. जेथे ही मात्रा लागू पडली नसती तेथे आधीच्या टेकमध्ये काही तांत्रिक बिघाड झाल्याची थाप मारून विग त्याच्याकडून तीच ओळ पुन्हा गाऊन घेई. 'ड्रेन यू' या गाण्यात गिटारीच्या थरांवर थर चढवले गेले, आणि हे गाणे कंपनीच्या हुकुमावरून गुळगुळीत केले असे ज्यांना वाटते त्यांनी त्याचा मधला भाग लक्षपूर्वक ऐकावा, कारण तेथे खुद्द कोबेनने रबरी बदकासारखी चिवचिवणारी खेळणी आणि खुळखुळणाऱ्या साखळ्या वाजवल्या आहेत. 'टेरिटोरियल पिसिंग्ज'च्या वेळी गिटारीची वायर ध्वनिवर्धकात न घालता थेट कन्सोलमध्ये खोचण्याचा हट्ट त्याने विगच्या मनाविरुद्ध तडीस नेला. 'लिथियम'मध्ये लय पुढे पळू लागली म्हणून ग्रोलला कानात नियमित ठोका लावून वाजवावे लागले, आणि त्याच गाण्याच्या फसणाऱ्या टेकला कंटाळून कोबेनने जो भलताच गोंगाट आरंभला, ज्याची सांगता गिटार आपटून फोडण्यात झाली, तो विगने टेप चालू ठेवल्यामुळे जिवंत राहिला आणि शेवटच्या गाण्यानंतर सुमारे दहा मिनिटांची शांतता सोडून तिच्यापलीकडे दडवण्यात आला. अगदी पहिल्या छपाईच्या प्रतींतून तो मास्टरिंगच्या वेळी चुकून गळाला.

शेवटच्या गाण्याची, 'समथिंग इन द वे'ची, गोष्ट याहून निराळी. बँडने मिळून वाजवलेले ते गाणे काही केल्या जमेना, तेव्हा कोबेन नियंत्रणकक्षातल्या कोचावर आडवा पडला आणि एका जुन्या, धड न जुळवलेल्या गिटारीवर जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात ते कसे हवे ते म्हणून दाखवू लागला. विगने टेलिफोन बंद केला, पंखा बंद केला, दारे लावून घेतली आणि मायक्रोफोन कोचाशी आणून जे ऐकू आले ते तेथेच मुद्रित केले. नंतर ड्रम, बास आणि एका मित्राचा चेलो त्या पुटपुटण्यावर चढवताना सर्वांची पुरेवाट झाली, कारण ज्या गिटारीशी मेळ घालायचा तिचा षड्जच प्रमाण जागी नव्हता. सोयीचा मार्ग, म्हणजे गिटार सुरात लावून पुन्हा आरंभ करणे, कोणी पत्करला नाही. ज्या अल्बमवर तकतकीतपणाचा आरोप आहे त्याचा शेवट एका बेसूर वाद्याची मर्जी सांभाळून बांधला गेला आहे.

मुद्रण संपल्यावर गाण्यांचे मिश्रण करण्याचे काम विग आणि बँड यांनी 'डेव्हनशर' या स्टुडिओत आरंभले. तेथे कोबेन पुनःपुन्हा वरच्या पट्टीतली धार काढून टाकायला सांगे, कारण त्याला 'ब्लॅक सबाथ'सारखा जड आवाज हवा होता. त्यामुळे होणारे काम ना त्याला पसंत पडे ना विगला, आणि कंपनीला तर नाहीच. अखेर बाहेरच्या कारागिरांची यादी मागवण्यात आली, तीत 'स्लेयर' या कर्कश बँडबरोबर काम केलेल्या अँडी वॉलेसचे नाव होते, आणि त्यावरच कोबेनचे बोट पडले. वॉलेसने ड्रमच्या आघाताखाली साठवलेले नमुने पेरले, मोठ्या दालनाचा भास देणारा प्रतिध्वनी घातला, गिटारी डावी-उजवीकडे फाकवल्या आणि गळा मधोमध उजळ उभा केला. झिलई म्हणून जिच्यावर पुढे शाई खर्ची पडली ती ही. त्या वेळी मिश्रण ऐकून कोबेन खूश होता, असे विगने पुढे अनेकदा सांगितले आहे.

24 सप्टेंबर 1991 रोजी अल्बम बाजारात आला तेव्हा कंपनीने अमेरिकेत 46,251 प्रती रवाना केल्या होत्या, आणि 'सॉनिक यूथ' या बँडच्या अल्बमप्रमाणे अडीच लाखांपर्यंत मजल गेली तर भरून पावलो, असा हिशेब होता. 11 जानेवारी 1992 च्या 'बिलबोर्ड' यादीत त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ओढून पहिले स्थान घेतले. त्यापुढील आकड्यांचा पाढा वाचण्यात मला स्वारस्य नाही.

1993 साली प्रसिद्ध झालेल्या मायकेल अझेराडच्या चरित्रग्रंथात कोबेनने आपली तक्रार नोंदवली, तिचा आशय असा की या अल्बमच्या घडणीची आपल्याला आता लाज वाटते, आणि तो पंक रॉकपेक्षा 'मॉटली क्रू'सारख्या चकचकीत मंडळींच्या अल्बमच्या अधिक जवळचा आहे. बोलण्यावर तो थांबला नाही. तिसऱ्या अल्बमसाठी, 'इन युटेरो'साठी, मिनेसोटातील एका आडबाजूच्या स्टुडिओत त्याने स्टीव्ह अल्बिनीला नेमले. विक्रीतला हिस्सा नाकारून फक्त ठरीव बिदागी घेणारा आणि बँड जसा वाजतो तसाच टेपवर उतरला पाहिजे असे मानणारा हा कर्मठ गृहस्थ होता. यातली गंमत पुढेच आहे: ते कठोर मुद्रण हाती आल्यावर कंपनीबरोबर बँडच्याही मनात चलबिचल झाली, आणि दोन गाणी स्कॉट लिट या दुसऱ्या कारागिराकडून पुन्हा मिसळून घेण्यात आली. झिलईला नाकारणाऱ्याला तिच्या अभावानेही सुख लाभले नाही. एप्रिल 1994 मध्ये कोबेनने सत्ताविसाव्या वर्षी आयुष्य संपवले, आणि त्याच्या तक्रारीला मृत माणसाच्या शब्दाला येते ते अनुल्लंघनीय वजन आले.

आता आमच्या बाजूची थोडी हकिकत. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याकडच्या मुलांच्या हाती हा अल्बम आला तो बहुतेक कॅसेटच्या रूपाने, आणि तीही पुष्कळदा मित्राने मित्राच्या कॅसेटवरून भरून घेतलेली. केबलवरच्या एमटीव्हीमुळे चेहरे ओळखीचे झाले होते, पण गाणी ऐकायची ती घरातल्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर, ज्याच्या हेडवर साचलेले किटण कोणी कधी पुसले नव्हते आणि जो पूर्वाह्णी भक्तिगीते व अपराह्णी आकाशवाणीवरून भरून ठेवलेली नाट्यगीते वाजवून आधीच थकलेला असे. डावी-उजवी गिटार, दालनाचा प्रतिध्वनी, झांजांची चकाकी, यांपैकी काही म्हणजे काही आमच्या कानी पडले नाही. जिची कोबेनला लाज वाटत होती ती झिलई आमच्यापर्यंत येईतो वाटेतच झिजून गेली होती. आणि तरीही गळा ऐकू येत होता, पुटपुटणे आणि किंकाळी यांतले अंतर कळत होते, इंग्रजी शब्द निम्मे समजत नसतानाही कोणीतरी फार दुखावला आहे हे स्वच्छ उमगत होते. वॉलेसच्या कामाची योग्यता मला पुढे या आठवणीवरूनच पटली. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई करतात ती आतून. शोभेशी तिचा संबंध नसतो, आतले ताक कळकू नये एवढ्यासाठीच ती लावलेली असते. वॉलेसने केले ते काम मला या जातीचे वाटते, आणि म्हणूनच घाण झालेल्या हेडच्या टेपरेकॉर्डरवरही ती गाणी नासली नाहीत.

सप्टेंबर 2011 मध्ये, वीस वर्षे भरल्याच्या निमित्ताने, या अल्बमची नवी आवृत्ती निघाली, आणि तिच्या सर्वांत मोठ्या संचात नव्याने मास्टरिंग केलेल्या मूळ गाण्यांबरोबर मॅडिसनची 1990 ची मुद्रणे, तालमीच्या जागी साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली फाटक्या आवाजाची कॅसेट, टाकून दिलेले डेव्हनशरचे मिश्रण आणि 1991 च्या हॅलोवीनच्या रात्री सिॲटलच्या पॅरामाउंट नाट्यगृहात झालेला कार्यक्रम, असे सगळे दप्तर बाहेर काढण्यात आले. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली, तेव्हापासून 'मूळ' या कल्पनेचा मोह आणि तिच्याविषयीचा संशय हे दोन्ही मराठी वाचकाला सारखेच परिचित आहेत; त्यामुळे डेव्हनशरचे मिश्रण ऐकायला बसताना, कोबेनला हवा होता तो खरा अल्बम आता प्रकट होणार, ही जाहिरातींनी फुलवलेली आशा माझ्या मनात असली तरी तिच्यामागे एक जुना सावधपणाही होता.

प्रकट झाले ते असे. ड्रम कोरडे, गिटारी जवळजवळ दाटीने उभ्या, गळा किंचित मागे; खोली लहान वाटते आणि माणसे तीच. पण गाण्याचा सांगाडा तसूभरही निराळा नाही. एकावर एक चढवलेले दोन आवाज तेथेही आहेत, 'ड्रेन यू'मधले गिटारीचे थरही आहेत, कारण हे सर्व मिश्रणापूर्वीच टेपवर उतरले होते आणि कोबेनने स्वतःच्या गळ्याने व हाताने उतरवले होते. रानटी, खरखरीत असा कोणताही मूळ पाठ वॉलेसने पुरून टाकलेला नव्हता. आता तारखांकडे वळू. 'इन ब्लूम', 'लिथियम', 'ब्रीड' या गाण्यांची मॅडिसनची रूपे ऐकली तर कडवे कोठे दबायचे, धृपद कोठे उसळायचे, सूर कोणत्या वळणाने खाली यायचा, हे सर्व एप्रिल 1990 मध्येच ठरून गेले होते असे दिसते. त्या वेळी मोठी कंपनी नव्हती, वॉलेस नव्हता, एक लाख वीस हजार डॉलरही नव्हते. गाणी घोटीव होती ती रचनेपासूनच. बीटल्सवर जीव टाकणारा मुलगा चालींतच घोटणार, आणि त्या ओढीची पंक मंडळींत चोरी वाटल्यामुळे दोष कारागिराच्या माथी मारणार, यात मनुष्यस्वभावाला सोडून काहीच नाही.

त्याच संचातील खरी हानी मात्र पहिल्याच तबकडीत आहे, आणि तिच्याविषयी फिर्याद करायला कोबेन हयात नव्हता. आजकाल मास्टरिंगच्या वेळी आवाजाची एकूण पातळी वाढवण्यासाठी त्याची वरची टोके दाबून मंद भाग उचलण्याची जी चाल पडली आहे, तिचा अंमल येथेही झाला. दुसऱ्या एखाद्या बँडच्या बाबतीत हे एकवेळ सोसले असते; पण या गाण्यांचा सारा प्राण मंद आणि प्रचंड यांच्या अंतरात आहे, 'पिक्सीज' या बँडकडून ही युक्ती आपण उचलली असे कोबेन उघड सांगत असे, आणि जेथे कडवे मुळातच मोठे वाजते तेथे धृपदाने उसळायचे तरी किती? कोचावर पडून म्हटलेले ते गाणे नव्या तबकडीत कानाशी येऊन पुटपुटते आणि चेलो आला तरी वाढायला जागा उरत नाही. भांडे बाहेरून लखलखीत करण्याचा हा प्रकार आहे. 1991 च्या मिश्रणात तिघेही वादक हजर होते, त्यांनी वाद घातले, नावे निवडली, मंजुरी दिली, आणि नंतर एकाने ती मंजुरी मागे घेतली. 2011 च्या शिक्क्यावर वारसांची, हयात सोबत्यांची व कंपनीची संमती असेल, तरी ज्याच्या श्वासाची पातळी उचलली गेली त्याला विचारण्याची सोय नव्हती. नोव्हेंबर 2021 मध्ये तिसाव्या वर्षाची आवृत्ती मूळ ॲनालॉग टेपांवरून पुन्हा काढण्यात आली आणि तिच्यासोबत ॲमस्टरडॅम, कॅलिफोर्नियातील डेल मार, मेलबर्न व टोकियो येथील चार कार्यक्रम जोडण्यात आले. दर दहा वर्षांनी फेरतपासणी होणार असे दिसते. ऐकायचेच झाले तर मी 1991 ची तबकडी काढतो.

तथापि या संचाचा एक उपयोग मी सहजासहजी सोडणार नाही. 'नेव्हरमाइंड'मधील 'पॉली' हे गाणे मॅडिसनच्या मुद्रणातूनच घेतले होते, त्यातील झांजांचे मोजके आघात चॅड चॅनिंगचे आहेत, आणि 1991 च्या वेष्टनावर त्याचे नाव नव्हते. पैसे भरणाऱ्या एव्हरमनला न वाजवता नाव मिळाले, आणि याला वाजवून मिळाले नाही. एप्रिल 2014 मध्ये ब्रुकलिन येथे 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये निर्वानाचा समावेश झाला तेव्हाही चॅनिंगला सन्मान नव्हता, तो प्रेक्षकांत बसला होता. ग्रोलने मात्र व्यासपीठावरून त्याचे आभार मानले आणि 'इन ब्लूम'मधील जी ड्रमची सुरुवात लोक आपल्या नावे ओळखतात ती मुळात चॅनिंगची आहे, असे सर्वांसमक्ष सांगितले. या विधानाची रुजवात घालायची तर मॅडिसनचे 'इन ब्लूम' लावावे. आवाज पातळ आहे, खोली लहान आहे, आणि गिटारीखाली ड्रमची तीच चाल, त्याच ठेक्याने, ग्रोल बँडमध्ये येण्यापूर्वी काही महिने, चॅनिंग वाजवतो आहे.